डॉली आजारी आहे

(कॅलिफोर्नियातलं ओक बेंड नावाचं छोटं गाव, मे महिन्यातली दुपार. 'डॉलीज डोनट्स' दुकानात गिऱ्हाईक नाही. काउंटरच्या आत मालकीण चान्थू केओ आणि तिची मुलगी मोनिका. बाहेर स्टुलावर हार्लन प्रुइट, निवृत्त शिक्षक, गावच्या इतिहास मंडळाचे चिटणीस. मायलेकी आपसात ख्मेर बोलतात, ती हार्लनना कळत नाही. हार्लनशी बोलताना चान्थूचं इंग्रजी तुटक होतं.)

हार्लन : ...आणि आता शेवटची ओळ ऐका, मिसेस केओ. "अमेरिकेचा हा लाडका खाऊ ओक बेंडच्या घराघरांत पोचवणाऱ्या डॉलीस, कृतज्ञ गावकऱ्यांकडून." पितळेच्या फलकावर कोरणार आहोत. कसं वाटतं?

चान्थू : छान. खूप छान. कॉफी घ्या, मिस्टर हार्लन. गरम आहे.

मोनिका : आई, मला हसू आवरत नाहीये. मी आत जाते.

चान्थू : कुठं जायचं नाही. इथंच उभी राहा आणि थोबाड सरळ ठेव. मी अडतीस वर्षं ठेवलंय, तुला पाच मिनिटं जमत नाही?

हार्लन : मोनिकालाही आवडलेलं दिसतंय.

मोनिका : मिस्टर प्रुइट, खरं सांगायचं तर मला काही प्रश्न आहेत.

हार्लन : विचार ना! वर्गात कधी विचारले नाहीस, आता तरी विचार. पण आधी भाषण ऐकून घ्या. जूनच्या पहिल्या शुक्रवारी डोनट दिवस, त्या दिवशी अनावरण. महापौरबाई रिबीन कापणार आणि मी बोलणार. सुरुवात करतो डचांपासून. ते न्यूयॉर्कला आले, कणकेचे गोळे डुकराच्या चरबीत तळायचे. बाहेरून करपलेले, मधोमध कच्चे. मग मेन राज्यातला एक तरुण खलाशी म्हणे मिरपुडीच्या डबीचं झाकण घेतो आणि गोळ्याचा मधला भाग काढूनच टाकतो. भोक!

चान्थू : भोक.

हार्लन : तिथून थेट पहिलं महायुद्ध. फ्रान्सच्या चिखलात आपल्या मुली, सेवाभावी संस्थेच्या, शिपायांना डोनट तळून देतायत. कढई नाही म्हणून कधी शिरस्त्राणात. पोरं लढाईहून परत आली ती डोनट मागतच. एवढे तळणार कोण? मग रशियातून आलेल्या एका माणसानं न्यूयॉर्कमध्ये यंत्र काढलं. खिडकीत ठेवलं. लोक रस्त्यात थांबून नुसते बघत राहायचे.

चान्थू : रशियातून? पळून आला?

हार्लन : तसंच काहीतरी असेल. ते मी भाषणात घेत नाही, लांबतं फार.

चान्थू : डच माणूस बाहेरचा. रशियावाला बाहेरचा. मग अमेरिकेचं काय, मिस्टर हार्लन?

हार्लन : भोक, मिसेस केओ. भोक शंभर टक्के आपलं.

चान्थू : ऐक, मोने. आम्ही काय भोकाविना तळत होतो का?

मोनिका : आम्ही म्हणजे कोण?

चान्थू : कुणी नाही. फडकं दे तिकडचं.

हार्लन : आणि मग मी डॉलीवर येतो. हे सगळं मिसेस केओंनीच वेळोवेळी गिऱ्हाइकांना सांगितलेलं आहे, मी फक्त गोळा केलं. सत्तावीस जणांशी बोललो. ऐका : "डॉली पहाटे कोंबडं आरवायच्या आधी उठे. नदीकाठी मातीच्या चुलीवर ती आपली गोल भजी तळे. त्यांवर मेपलच्या पाकाचा हात फिरवून वर तीळ भुरभुरवी."

मोनिका : थांबा. ओक बेंडला नदी कुठंय?

हार्लन : जुना कालवा असावा, असं मंडळाचं मत पडलं.

मोनिका : आणि मातीची चूल? या दुकानात पहिल्या दिवसापासून गॅस आहे.

हार्लन : दुकान काढायच्या आधीची गोष्ट असणार. आरंभीचा खडतर काळ.

मोनिका : डोनटवर तीळ?

हार्लन : मुळात प्रयोगशील बाई होती. मेपलचं म्हणशील तर तुझी आई "झाडाची साखर, झाडाला मडकं बांधून काढतात" असं म्हणाली होती. झाडातून साखर म्हणजे मेपल. त्याला संशोधन म्हणतात, मोनिका.

मोनिका : आणि पुढं हे काय? "तिच्या डोक्यावर कायम टोपलीच्या आकाराची भलीमोठी हॅट असे."

हार्लन : "डोक्यावर टोपली" असे मूळ शब्द होते. आता भर बाजारात गोरी बाई डोक्यावर टोपली कशाला घेईल? हॅटच ती.

मोनिका : आई, ही टोपली काय भानगड आहे?

चान्थू : तू गप्प बस. त्याला फलक लावायचाय, लावू दे. पितळ त्याचं, भिंत आपली.

मोनिका : भिंत आपली म्हणून तर विचारतेय! तूच मला सांगितलं होतंस ना, डॉली कोण ते? कॉलेजात गेल्यावर, हळूच, कुणाला बोलू नकोस म्हणून?

चान्थू : सांगितलं ती चूक झाली.

हार्लन : काही अडचण आहे का?

मोनिका : मिस्टर प्रुइट, तुम्ही डॉलीला पाहिलं होतंत?

हार्लन : पाहिलं म्हणजे? मंडळाच्या वार्षिक अंकात माझा लेख आहे त्यावर! एकसष्ट साल, मी बारा वर्षांचा. दुकान नुकतंच उघडलेलं. अर्ल स्टब्ज तेव्हा मालक होता. मी सायकल टेकवून आत आलो. अर्ल गल्ल्यावर, आणि दारातच डॉली. काय प्रेमळ होती! डोळे मला अजून आठवतात. तपकिरी, ओलसर. पाठीवरून मायेनं हात फिरवलेला लख्ख आठवतोय.

मोनिका : कुणाच्या पाठीवरून?

हार्लन : म्हणजे?

मोनिका : कुणी कुणाच्या पाठीवरून हात फिरवला, मिस्टर प्रुइट? नीट आठवा.

हार्लन : मी... असं काय विचारतेस? साठ वर्षं झाली त्याला.

मोनिका : आई, तू सांगतेस की मी सांगू?

चान्थू : जिभेला हाड नाही तुझ्या. बापावर गेलीस. मिस्टर हार्लन, सॉरी. डॉली, कुत्री.

हार्लन : काय?

चान्थू : अर्लची कुत्री. दारात बसायची. अर्लनं दुकान विकलं तेव्हा माझ्या नवऱ्याला सांगितलं. पाटी बदलू नका, चांगली कुत्री होती.

हार्लन : कुत्री.

मोनिका : तपकिरी.

हार्लन : हो, तपकिरीच होती. अरे देवा! मी लिहिलंय की तिनं मला पहिला डोनट भरवला.

मोनिका : तुम्ही तिला भरवला असणार.

हार्लन : पण मग मिसेस केओ, तुम्ही आजवर आम्हाला... मी नव्याण्णव साली शाळेत मुलांना दोन मिनिटं उभं केलं होतं! डॉली गेली म्हणून!

मोनिका : त्यात मी पण होते. अकरा वर्षांची. रडले होते मी.

चान्थू : मला वाईट वाटलं. खूप वाईट. त्या दिवशी दहा वाजता सगळा माल संपला.

मोनिका : आई! अगं तू सुरूच का केलंस हे?

चान्थू : मी कुठं सुरू केलं? पहिल्या दिवशी एक ट्रकवाला आला. दार उघडतोय तोच म्हणाला, डॉली कुठंय? मला इंग्रजीची तीन वाक्यं यायची. थँक यू, साखर हवी का, आणि तिसरं निर्वासितांच्या छावणीतल्या डॉक्टरनं शिकवलेलं, आजारी आहे. आता यातलं कुठलं लागू पडतं, तूच सांग. म्हटलं, डॉली आजारी आहे. दुसऱ्या दिवशी तो फुलं घेऊन आला. एवढा मोठा गुच्छ. फुलं हातात घेतल्यावर आता ती कुत्री आहे असं कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि सांगायला शब्द तरी कुठं होते?

मोनिका : म्हणून चौदा वर्षं आजारी ठेवलीस तिला?

चान्थू : मारवेना गं. रोज कुणीतरी विचारायचं, कशी आहे डॉली? तुझ्या बापाला, मला, कोण विचारत होतं कशी आहेस म्हणून? शेवटी एकानं बोटांवर मोजून तिचं वय काढलं, तेव्हा मारावीच लागली. आणि फुकटात नाही काही केलं मी. पितरांच्या पंधरवड्यात विहारात गेले की तिच्या नावानंही भाताचा एक गोळा ठेवते. दरवर्षी.

मोनिका : कुत्रीच्या नावानं!

चान्थू : कुत्रीला भूक नसते?

हार्लन : मला कुणी सांगेल का काय चाललंय? उद्या सकाळी मजकूर कोरायला जायचाय. पेपरात बातमी दिलीय मी. महापौरबाईंनी पिवळा ड्रेस शिवून घेतलाय.

मोनिका : मिस्टर प्रुइट, एक मिनिट. आई, माझ्याकडे बघ. डॉली कुत्री. ठीक. पण कुत्री तीळ लावत नाही. कुत्री झाडाला मडकं बांधत नाही. हे सत्तावीस जणांना सांगितलंस ते कुणाचं?

चान्थू : असंच. लोक विचारायचे, डॉलीची खुबी काय होती? काहीतरी सांगावं लागतं. नुसती आजारी आहे म्हणून किती दिवस भागतं?

मोनिका : तुला असलं काही सुचत नाही. तुला माझ्या वाढदिवसाचं कार्ड लिहिता येत नाही अजून. हे कुणाचं आहे, आई?

चान्थू : मिस्टर हार्लन, साखर हवी का?

हार्लन : बरं, मी फक्त एक विचारतो, कारण फलकाच्या अर्जात रकाना आहे. अर्थात आता तो कुत्रीला लागू होतो की नाही, मला कळेनासं झालंय. अनावरणानंतर फुलांचं चक्र वाहायचंय. तिची कबर कुठं आहे?

चान्थू : कबर दूर.

हार्लन : दूर म्हणजे? स्टॉकटनला? मी गाडी काढतो.

चान्थू : गाडी नाही जात.

हार्लन : मिसेस केओ, तुम्ही रडताय का? कुत्री एवढी... मोनिका, मी काही चुकीचं बोललो का?

मोनिका : आई. ती तुझी आई होती ना?

चान्थू : बट्टमबांगचा बाजार. नदीला लागून. ती नोम कोंग तळायची. असेच गोल, मध्ये भोक. तांदळाच्या पिठाचे, वर ताडाचा गूळ आणि तीळ. मी चुलीशी बसून काडीनं उचलायचे. काडी भोकातून घालायची. भोक त्यासाठीच असतं, कुठल्या खलाशाचं काय घेऊन बसलाय हा. टोपली डोक्यावर घेतली की हात न लावता चालायची. मी मागून बघत राहायचे.

मोनिका : मला तू काय सांगितलंस? मी शंभरदा विचारलं. शाळेत घराण्याचा वंशवृक्ष काढायला सांगितलं होतं, यांनीच सांगितलं होतं, या समोर बसलेल्यांनी! तू म्हणालीस, लिही, आजी नाही. नाही म्हणालीस! आणि इथं बारा डोनटांचा गुलाबी खोका नेणाऱ्या दर माणसाला तिची टोपली सांगत होतीस. यांना माहीत. ट्रकवाल्यांना माहीत. गावात मी एकटीच उरले होते, जिला माझी आजी माहीत नव्हती.

चान्थू : त्यांना सांगता यायचं गं.

मोनिका : आणि मला?

चान्थू : ते ऐकायचे, हसायचे, वा डॉली म्हणायचे आणि खोका घेऊन जायचे. तू गेली नसतीस. तू विचारलं असतंस, मग पुढं काय झालं?

हार्लन : मोनिका, माझी कॉफी गार झाली, त्याचं काही नाही. पण मला वाटतं हे कुत्रीबद्दल नाहीये.

मोनिका : नाही, मिस्टर प्रुइट. तुमची डॉली ही माझी आजी आहे. आईची आई. कंबोडियातली. नदी खरी, चूल खरी, तीळ खरे. मेपल तेवढा तुमचा. आणि हॅट.

हार्लन : म्हणजे टोपली खरंच...

मोनिका : डोक्यावर होती. आता तुम्ही हा फलक बदलायचा. तिचं नाव घालायचं. खरं नाव.

हार्लन : थांब, थांब. मला विचार करू दे. नियम सांगतो, तीन आहेत. व्यक्ती ओक बेंडची रहिवासी हवी. पन्नास वर्षांपूर्वी इथं हयात हवी. आणि गावाच्या जडणघडणीत तिचा वाटा हवा. तुझी आजी... कधी आली होती इकडं?

मोनिका : मिस्टर प्रुइट.

हार्लन : नाही, बरोबर. वेड्यासारखं विचारलं. म्हणजे पहिल्या दोन नियमांत कुत्री बसते आणि आजी बसत नाही. तिसऱ्यात आजी बसते. खरं नाव घालायचं तर पुन्हा सभा बोलवावी लागेल. पुन्हा सभा म्हणजे ड्वाइट मर्सर उठणार आणि म्हणणार की अमेरिकन वारशाच्या फलकावर परदेशी बाई कशी? मग फलकच रद्द. मी त्याला ओळखतो, माझाच विद्यार्थी आहे.

मोनिका : मग होऊ दे रद्द! खोट्या नावानं लागण्यापेक्षा बरं.

चान्थू : रद्द नाही करायचा.

मोनिका : आई, तू यात पडू नकोस.

चान्थू : मी नाही पडायचं? तुझी आजी असेल, पण माझी आई आहे. मिस्टर हार्लन. डॉली लिहा. डॉलीच.

मोनिका : का? भीती वाटते? दुकान पडेल म्हणून?

चान्थू : भीती कसली आता? ऐक. नाव मी दरवर्षी विहारात कागदावर लिहून देते. भिक्खू मोठ्यानं वाचतात. नाव पोचायचं तिथं पोचतं. पण ती काय करायची, कशी चालायची, हे कुठंच नाही. ना कागदावर, ना दगडावर. पंच्याहत्तर साली बंदुका घेऊन सत्तेवर आले, गावच्या गाव रिकामं केलं त्यांनी. बाजार बंद केला, चुली फोडल्या. ती चूल आता या भिंतीवर लागतेय, पितळेत. वर नाव कुत्रीचं असलं तर असू दे. चांगली कुत्री होती म्हणतात.

मोनिका : तुला लाज नाही वाटणार रोज ते बघताना?

चान्थू : मला रोज ते वाचायचंय. मला इंग्रजी तेवढं वाचता येतं.

मोनिका : मिस्टर प्रुइट, ती म्हणते डॉलीच राहू दे. म्हणते, नाव विहारात वाचलं जातं. इथं चूल राहिली तर तिला पुरे. मला हे पटलेलं नाही, तेही लिहून घ्या.

हार्लन : लिहिण्यासारखं माझ्याकडे आता फारसं काही उरलेलं नाही, मोनिका. चाळीस वर्षं मी पोरांना इतिहास शिकवला. या राज्यात मी पाहिलेल्या फलकांपैकी निम्म्यांवर खरा माणूस आणि खोटी गोष्ट आहे. हा निदान उलटा होईल. पण मेपल मी काढतो. ताड लिहितो.

मोनिका : ड्वाइट मर्सर विचारेल, ताड कुठला?

हार्लन : समोर हायवेवर रांगेनं उभे आहेत, म्हणेन. त्यातून साखर निघत नाही हे त्याला कुठं माहीत असणार! हॅटही काढतो. टोपली ठेवतो. आणि ती मला भेटली होती हे वाक्य, माझ्या मते, जागेअभावी वगळावं लागेल.

चान्थू : थँक यू, मिस्टर हार्लन.

हार्लन : अजून एक करता येईल. खाली सालं असतात. जन्म आणि मृत्यू. ती तरी खरी घालू या. कुणाची, ते कुणाला सांगायची गरज नाही. जन्म?

चान्थू : घोड्याचं वर्ष. तुमचं... एकोणीसशे तीस.

हार्लन : मृत्यू?

चान्थू : सत्त्याहत्तर.

हार्लन : सत्त्याहत्तर. म्हणजे गावानं तिला फुलं आणली तेव्हा ती जाऊन आठ वर्षं झाली होती. असू दे. मी जन्मभर सालंच शिकवली, मिसेस केओ. सालं कुणीही वाचत नाही.

मोनिका : आई, सत्तेचाळीस म्हणजे काहीच वय नाही.

चान्थू : नाही.

मोनिका : कशानं गेली?

चान्थू : हे बघ, आलंच ना. तो बसलाय समोर. नंतर.

मोनिका : नंतर म्हणता म्हणता मी पस्तिशीची झाले. आता सांग.

चान्थू : भुकेनं. दिवसाला एक वाटी पेज मिळायची, तांदळाचे दाणे मोजावेत अशी. तिच्या वाटणीची ती माझ्यापुढं सरकवायची. म्हणायची, मला भूक नाही. मी काही लहान नव्हते, सतरा वर्षांची होते. मला कळत होतं, मोने. कळत होतं आणि मी प्यायले. रोज प्यायले.

हार्लन : काय म्हणतायत त्या?

मोनिका : म्हणतेय, मिसेस प्रुइटसाठी दालचिनीवाले दोन बांधून देऊ का.